राष्ट्रीय सुरक्षाविषयक धोरण-अभ्यास : मागणी, मांडणी आणि अंमलबजावणी

कोणत्याही देशाच्या शासनाला सुरक्षेच्या संदर्भात दोन प्रकारचे निर्णय घ्यावे लागतात. पहिल्या प्रकारचे निर्णय तातडीचे असतात. घुसखोरी झाली, हल्ला झाला, की काही तासांत काय करावयाचे ते ठरवावे लागते. दुसऱ्या प्रकारचे निर्णय दूर पल्ल्याचे असतात. कोणत्या सीमेवर कोणते दल असावे, गुप्तवार्ता कोणी गोळा करावी आणि ती कोणापर्यंत पोहोचावी, तिन्ही सैन्यदलांमध्ये समन्वय कोणी साधावा, पुढील पंधरा वर्षांत कोणत्या सामग्रीवर किती खर्च करावा, असे हे प्रश्न आहेत. ते बैठकीत बसून तत्काळ सुटत नाहीत. त्यांच्यासाठी अभ्यास करावा लागतो, आणि तो कोणीतरी कोणाकडे तरी सोपवावा लागतो.

हा अभ्यास कोण मागवितो, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला जातो, उत्तर शोधणारी माणसे कशी निवडली जातात आणि अहवाल हाती आल्यावर त्याचे पुढे काय होते, याचा उहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. विषय कारभाराचा वाटला तरी त्याचे परिणाम थेट जवानांच्या जिवाशी आणि करदात्यांच्या पैशाशी निगडित आहेत.

अभ्यासाची गरज का भासते?

शासनयंत्रणेतील प्रत्येक विभाग देशाच्या सुरक्षेकडे आपापल्या खिडकीतून पाहत असतो. संरक्षण मंत्रालयाला सीमा दिसते, गृह मंत्रालयाला अंतर्गत सुव्यवस्था दिसते, परराष्ट्र मंत्रालयाला राजनैतिक संबंध दिसतात आणि अर्थ मंत्रालयाला तिजोरी दिसते. यातील कोणतीही दृष्टी चुकीची नाही. पण कोणतीही एकटी पुरेशी नाही. दैनंदिन कामाच्या रेट्यात या चारही दृष्टी एकत्र आणण्यास कोणालाच सवड नसते. ते काम करण्यासाठी स्वतंत्र अभ्यासगट नेमावा लागतो.

दुसरे कारण साधनसंपत्तीचे आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यातील सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनासाठी होते. सुरक्षेवर खर्च होणारा प्रत्येक रुपया शिक्षण, आरोग्य किंवा सिंचनावर खर्च होऊ शकला असता, आणि याच्या उलटही तितकेच खरे आहे. विकासाला स्थैर्य लागते व स्थैर्याला सुरक्षा लागते. म्हणूनच हा रुपया योग्य जागी खर्च होतो की नाही, हे तपासणारा अभ्यास ही चैनीची बाब नव्हे.

अभ्यास सोपविण्याच्या पद्धती

जगभरातील शासनांचा अनुभव पाहिला तर अभ्यास करवून घेण्याच्या साधारणपणे पाच पद्धती आढळतात.

पहिली पद्धत अंतर्गत अभ्यासाची. मंत्रालय किंवा सैन्यदल आपल्याच अधिकाऱ्यांकडून आढावा घेते. माहिती सहज उपलब्ध होते. परंतु स्वतःच्या वरिष्ठांच्या निर्णयांबद्दल स्पष्टपणे लिहिणे अशा अधिकाऱ्यांना अवघड जाते.

दुसरी पद्धत तात्कालिक समितीची. एखादी घटना घडल्यावर निवृत्त सनदी अधिकारी, सेनाधिकारी आणि तज्ज्ञ यांची समिती ठरावीक मुदतीसाठी नेमली जाते. भारतात ही पद्धत सर्वाधिक रूढ आहे.

तिसरी पद्धत कायमस्वरूपी अभ्याससंस्थेची. अमेरिकेत १९४८ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून उभी राहिलेली रँड कॉर्पोरेशन हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. भारतात १९६५ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये या संस्थेला मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. पुढे सैन्यदलांशी निगडित संस्थाही उभ्या राहिल्या. हवाई सामर्थ्याच्या अभ्यासासाठी २००१ मध्ये, भूदलाच्या विषयांसाठी २००४ मध्ये आणि सागरी विषयांसाठी २००५ मध्ये अशी केंद्रे सुरू झाली.

चौथी पद्धत स्पर्धात्मक अभ्यासाची. एकच प्रश्न दोन-तीन गटांना देऊन परस्परविरोधी उत्तरे मुद्दाम मागविली जातात. पाचवी पद्धत संसदीय अभ्यासाची. भारतात १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या कार्यरत असून संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्यांची छाननी करते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल तिच्या मदतीला असतात.

या पद्धती परस्परांना पर्याय नाहीत. प्रत्येकीचे बलस्थान आणि मर्यादा वेगळ्या आहेत, आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणती पद्धत निवडली यावरच पुष्कळसे यश अवलंबून असते.

१९६२ ते १९९८ : भारतातील वाटचाल

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर लष्कराने लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे युद्धातील कारवायांचा आढावा सोपविला. हा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. अभ्यास अंतर्गत स्वरूपाचा आणि लष्करी कारवायांपुरता होता. राजकीय नेतृत्व व मंत्रालय यांच्यातील निर्णयप्रक्रिया हा त्याचा विषय नव्हता. अहवाल शासनाने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्यातील मजकूर संवेदनशील असून त्याला आजही लष्करी महत्त्व आहे, असे कारण २०१० मध्ये संसदेत देण्यात आले. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने जाहीर केला, तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. १९६२ विषयी आपल्याकडे आठवणी आणि आरोप-प्रत्यारोप विपुल आहेत. अधिकृत, सर्वांना वाचता येणारा अभ्यास मात्र नाही.

१९९० मध्ये अरुण सिंग यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण खर्चाचा आढावा घेणारी समिती नेमण्यात आली. खर्चाच्या अंगाने संपूर्ण संरक्षण व्यवस्थेकडे पाहण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता. पण तोही अहवाल जनतेसमोर आला नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची प्रथम स्थापना झाली, परंतु ती रुजू शकली नाही.

१९९८ मध्ये पोखरण येथील अणुचाचण्यांच्या वर्षी या विषयाला नवी चालना मिळाली. के. सी. पंत यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाच्या अभ्यासानंतर नोव्हेंबर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद अस्तित्वात आली. संयुक्त गुप्तवार्ता समितीच्या यंत्रणेतून तिचे सचिवालय उभे करण्यात आले आणि शासनाबाहेरील तज्ज्ञांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ नेमले गेले. के. सुब्रह्मण्यम हे या मंडळाचे पहिले निमंत्रक होते. मंडळाने तयार केलेला अण्वस्त्र धोरणाचा मसुदा ऑगस्ट १९९९ मध्ये जाहीर चर्चेसाठी खुला करण्यात आला आणि जानेवारी २००३ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने अधिकृत धोरणाचा सारांश प्रसिद्ध केला. अत्यंत संवेदनशील विषयावरही आधी मसुदा, मग चर्चा आणि शेवटी निर्णय हा क्रम पाळता येतो, हे या उदाहरणावरून दिसते.

कारगिल आढावा समिती : एक वस्तुपाठ

भारतातील सुरक्षाविषयक अभ्यासांपैकी विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावा असा अभ्यास म्हणजे कारगिल आढावा समितीचा. कारगिल संघर्षात पाचशेहून अधिक अधिकारी व जवान धारातीर्थी पडले. २६ जुलै १९९९ रोजी संघर्ष समाप्त झाला आणि अवघ्या तीन दिवसांनी, २९ जुलै रोजी, समिती नेमण्यात आली. अध्यक्षपदी के. सुब्रह्मण्यम होते. निवृत्त लेफ्टनंट जनरल के. के. हजारी आणि ज्येष्ठ पत्रकार बी. जी. वर्गीस हे सदस्य, तर राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाचे सचिव सतीश चंद्र हे सदस्य-सचिव होते.

समितीची रचना विचारपूर्वक केलेली होती. अध्यक्ष सनदी सेवेतून आलेले असले तरी संरक्षणविषयक अभ्यासात आयुष्य घालविलेले, एक सेनानी, एक शासनाबाहेरचा लेखक, आणि कागदपत्रांपर्यंत पोहोच असलेला एक कार्यरत अधिकारी. सदस्य-सचिव या पदाकडे सामान्य वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक समितीचे बरेचसे यश त्याच्यावर अवलंबून असते. कोणत्या मंत्रालयाकडून कोणती फाइल मागवायची, कोणत्या साक्षीनंतर कोणाला बोलवायचे आणि अहवालाचा मसुदा वेळेत कसा पूर्ण करायचा, हे त्याला पाहावे लागते. तो एखाद्या संबंधित मंत्रालयाचाच असेल, तर त्या मंत्रालयावरील टीका सौम्य होण्याचा धोका असतो. येथे ते पद कोणत्याही एका मंत्रालयाकडे न जाता सुरक्षा परिषदेच्या सचिवालयाकडे गेले, ही जमेची बाजू होती.

समितीची कार्यकक्षा दोन कलमांची होती. लडाखमधील कारगिल जिल्ह्यात झालेल्या पाकिस्तानी आक्रमणापर्यंतच्या घटनाक्रमाचा आढावा घेणे, हे पहिले. आणि अशा सशस्त्र घुसखोरीपासून राष्ट्रीय सुरक्षेचे रक्षण करण्यासाठी आवश्यक उपाय सुचविणे, हे दुसरे. साक्षीदारांना समन्स काढण्याचे वैधानिक अधिकार समितीला नव्हते. तरीही शासनाच्या पाठबळामुळे तिला कागदपत्रे आणि साक्षी मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाल्या. डिसेंबर १९९९ मध्ये अहवाल पूर्ण झाला आणि सुरक्षेच्या कारणास्तव काही मजकूर वगळून तो २३ फेब्रुवारी २००० रोजी संसदेत मांडण्यात आला. नंतर तो पुस्तकरूपानेही उपलब्ध झाला.

घुसखोरीने शासन, सैन्यदल आणि गुप्तवार्ता यंत्रणा या सर्वांना पूर्णतः अनपेक्षितपणे गाठले, हा समितीचा प्रमुख निष्कर्ष. परंतु त्याहून मोलाचे निरीक्षण व्यवस्थेविषयी होते. स्वातंत्र्याच्या वेळी स्वीकारलेल्या उच्च संरक्षण व्यवस्थापनाच्या चौकटीत बावन्न वर्षांत फारसा बदल झालेला नाही, असे समितीने दाखवून दिले. या चौकटीचा सर्वंकष पुनर्विचार करण्याचे काम आपल्या कार्यकक्षेपलीकडचे आहे हे ओळखून तिने त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञांकरवी सखोल परीक्षण करावे, अशी शिफारस केली. आपल्या अभ्यासाची सीमा कोठे संपते आणि पुढचा अभ्यास कोठून सुरू व्हावा, हे सांगणे हादेखील चांगल्या अभ्यासाचा गुण आहे.

मंत्रिगट आणि चार कार्यदले

या शिफारशीला अनुसरून शासनाने एप्रिल २००० मध्ये मंत्रिगट स्थापन केला. लालकृष्ण अडवाणी, जॉर्ज फर्नांडिस, जसवंत सिंग आणि यशवंत सिन्हा हे गृह, संरक्षण, परराष्ट्र व अर्थ या चार खात्यांचे मंत्री त्यात होते. आरंभी उल्लेखिलेल्या चारही खिडक्या येथे एकत्र आल्या. मंत्रिगटाच्या मदतीसाठी चार कार्यदले नेमण्यात आली. गुप्तवार्ता यंत्रणेसाठी गिरीश चंद्र सक्सेना, अंतर्गत सुरक्षेसाठी एन. एन. व्होरा, सीमा व्यवस्थापनासाठी माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले आणि संरक्षण व्यवस्थापनासाठी अरुण सिंग हे त्यांचे प्रमुख होते.

या रचनेचा लाभ असा की तज्ज्ञांचा अभ्यास आणि राजकीय निर्णय यांतील अंतर कमी झाले. समिती केवळ सल्ला देऊ शकते. मंत्रिगट मात्र आपल्याच खात्यांना बांधून घेतो. फेब्रुवारी २००१ मध्ये मंत्रिगटाचा अहवाल सादर झाला आणि मे २००१ मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने तो जवळजवळ संपूर्णपणे स्वीकारला.

परिणामही दिसू लागले. २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि अंदमान-निकोबार येथे तिन्ही दलांचे संयुक्त कमांड सुरू झाले. २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि पुढे २००४ मध्ये राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना स्थापन झाली. गृह मंत्रालयात सीमा व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. ‘एक सीमा, एक दल’ हे तत्त्व स्वीकारले गेले. त्यानुसार पाकिस्तान व बांगलादेश सीमेवर सीमा सुरक्षा दल, चीन सीमेवर भारत-तिबेट सीमा पोलीस, नेपाळ व भूतान सीमेवर सशस्त्र सीमा बल आणि म्यानमार सीमेवर आसाम रायफल्स अशी जबाबदारीची विभागणी झाली. एकाच सीमेवर अनेक दले असली की चूक कोणाची हे ठरत नाही. म्हणून वरवर साध्या वाटणाऱ्या या तत्त्वाचे महत्त्व मोठे आहे.

शिफारस ते अंमलबजावणी

सर्वांत महत्त्वाची एक शिफारस मात्र मागे राहिली. तिन्ही दलांच्या वतीने शासनाला एकत्रित लष्करी सल्ला देणारा संरक्षण दल प्रमुख नेमावा, असे मंत्रिगटाने सुचविले होते. राजकीय पक्षांशी विचारविनिमय करून निर्णय घेऊ, असे म्हणून २००१ मध्ये तो विषय पुढे ढकलला गेला. एकात्मिक मुख्यालय उभे राहिले. पण ज्याच्यासाठी ते उभारले तो प्रमुखच नव्हता.

नरेश चंद्र यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये नेमलेल्या चौदा सदस्यांच्या कार्यदलाने २०१२ मध्ये पुन्हा या प्रश्नाचा विचार केला आणि सेनाप्रमुखांच्या समितीला कायमस्वरूपी अध्यक्ष असावा, असा मध्यममार्ग सुचविला. तोही त्या वेळी प्रत्यक्षात आला नाही. अखेर १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या पदाची घोषणा केली, डिसेंबर २०१९ मध्ये मंत्रिमंडळ समितीने मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी देशाचे पहिले संरक्षण दल प्रमुख म्हणून सूत्रे हाती घेतली. शिफारस आणि नियुक्ती यांत जवळजवळ एकोणीस वर्षांचे अंतर पडले.

या विलंबाचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ असा, की लोकशाहीत अशा मूलभूत बदलासाठी सहमती घडविण्यास वेळ लागतो. पण दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. एकदा झालेला अभ्यास अमलात न आल्यास तोच प्रश्न पुन्हा नव्या समितीकडे जातो आणि पुन्हा तीच साक्ष, तीच कागदपत्रे व तेच निष्कर्ष तयार होतात. अशा पुनरावृत्तीतून ज्ञानात भर पडत नाही. केवळ निर्णय लांबतो.

दोन मंत्रालयांच्या सीमेवर पडणाऱ्या शिफारशींची अवस्था अधिक कठीण असते. सैनिकांचा सेवाकाळ सतरा वर्षांवरून सात ते दहा वर्षांपर्यंत कमी करावा आणि त्यानंतर त्यांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे, असे कारगिल समितीने सुचविले होते. त्यामुळे सेना तरुण राहिली असती आणि निवृत्तिवेतनाचा भारही हलका झाला असता. सैनिक संरक्षण मंत्रालयाचे आणि निमलष्करी दले गृह मंत्रालयाची असल्याने या शिफारशीला एकच एक पालक नव्हता. ती त्या स्वरूपात अमलात आली नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवाकाळ कमी करण्याचाच विचार आहे. मात्र तेथे कालावधी चार वर्षांचा असून त्यातील पंचवीस टक्क्यांपर्यंत सैनिकांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे.

कार्यकक्षेची मर्यादा : मुंबईचा अनुभव

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली द्विसदस्य समिती नेमली. व्ही. बालचंद्रन हे दुसरे सदस्य होते. राम प्रधान हे साठच्या दशकात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे खासगी सचिव होते, त्यामुळे सुरक्षा व्यवस्थेचा त्यांचा परिचय दीर्घकाळाचा होता. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला.

हल्लेखोर समुद्रमार्गे आले होते. त्यांच्याविषयीची गुप्तवार्ता, किनाऱ्याची गस्त आणि विशेष कमांडो दलाचे आगमन या बाबी मुख्यतः केंद्रीय यंत्रणांच्या अखत्यारीतील होत्या. समिती राज्य शासनाने नेमलेली असल्याने तिची कक्षा राज्याच्या पोलीस यंत्रणेच्या प्रतिसादापुरती राहिली. यात समितीचा दोष नव्हता. परंतु घटना एक आणि तिचे उत्तर देणाऱ्या यंत्रणा दोन स्तरांवर विभागलेल्या असतील, तर एका स्तरावरील अभ्यास कितीही प्रामाणिक असला तरी चित्र अपुरेच राहते. केंद्र व राज्य यांनी संयुक्तपणे नेमलेल्या अभ्यासाची पद्धत आपल्या संघराज्यात रूढ व्हायला हवी, हा धडा मुंबईने दिला आहे.

प्रश्न कसा विचारावा?

अभ्यासाचे निम्मे यश प्रश्नाच्या मांडणीत असते. या बाबतीत अमेरिकेतील दोन उदाहरणे उद्बोधक आहेत.

१९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सोव्हिएत संघाविषयीचे धोरण ठरविण्यासाठी तीन गट नेमले. ‘सोलेरियम प्रकल्प’ या नावाने हा अभ्यास ओळखला जातो. एका गटाने प्रचलित प्रतिबंधाच्या धोरणाची, दुसऱ्याने स्पष्ट सीमारेषा आखून ती ओलांडल्यास युद्धाचा इशारा देण्याची, तर तिसऱ्याने सोव्हिएत प्रभाव सक्रियपणे मागे रेटण्याची बाजू मांडली. प्रत्येक गटाने आपल्या पर्यायाचे लष्करी, राजकीय आणि आर्थिक परिणाम मांडायचे होते. जुलैमध्ये तिन्ही मांडण्या राष्ट्राध्यक्षांसमोर झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये नवे धोरणपत्र मंजूर झाले. सहमतीच्या अहवालात मतभेद झाकले जातात. येथे ते मुद्दाम उघड करून निर्णयकर्त्यासमोर ठेवण्यात आले.

दुसरे उदाहरण रँडमधील अल्बर्ट वोलस्टेटर यांच्या अभ्यासाचे. हवाईदलाचा प्रश्न परदेशातील तळ कोठे व कसे निवडावेत, असा होता. अभ्यासकांनी प्रश्नच बदलून घेतला. शत्रूने प्रथम हल्ला केल्यास या तळांवरील विमानांपैकी किती शिल्लक राहतील, आणि तेवढ्याच खर्चात अधिक सुरक्षित रचना कोणती, असे त्यांनी विचारले. १९५४ मधील त्यांच्या अहवालाने परदेशी तळांवरील भिस्त धोक्याची असल्याचे दाखवून दिले. विचारलेल्या प्रश्नाचे निमूटपणे उत्तर देणारी संस्था आणि प्रश्न तपासून पाहणारी संस्था यांतील फरक येथे स्पष्ट होतो. मात्र ज्या संस्थेचा संपूर्ण खर्च एकच खाते उचलते, तिला असे धैर्य दाखविणे सोपे नसते. आपल्याकडील अभ्याससंस्थांनाही हा प्रश्न लागू आहे.

अलीकडचे उदाहरण ब्रिटनचे. तेथे जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या संरक्षण आढाव्याचे काम लॉर्ड रॉबर्टसन, जनरल रिचर्ड बॅरन्स आणि फिओना हिल या मंत्रालयाबाहेरील तिघांकडे देण्यात आले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत संरक्षण खर्च वाढविण्याच्या मर्यादेत शिफारशी बसवाव्यात, असे कार्यकक्षेतच नमूद होते. जून २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातील सर्व ६२ शिफारशी शासनाने स्वीकारल्याचे त्याच वेळी जाहीर केले. खर्चाची चौकट आधी ठरलेली असल्याने ‘शिफारस चांगली, पण पैसा नाही’ ही सबब उरली नाही.

खर्चाचा ताळमेळ

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला आपल्या अनेक अहवालांत जाणवणारी उणीव हीच आहे. काय करावे हे त्यांत विस्ताराने असते. त्यासाठी किती खर्च येईल, तो किती वर्षांत विभागला जाईल आणि त्यासाठी दुसरे काय कमी करावे लागेल, हे क्वचितच असते. चार्ल्स हिच आणि रोलंड मॅकीन या अर्थतज्ज्ञांनी १९६० मध्येच संरक्षण हा साधनसंपत्तीच्या वाटपाचा प्रश्न असल्याचे सविस्तर मांडले होते. पुढच्याच वर्षी हिच अमेरिकी संरक्षण खात्यात दाखल झाले आणि उद्दिष्ट, कार्यक्रम व अर्थसंकल्प यांची सांगड घालण्याची पद्धत तेथे सुरू झाली.

भारतातही या दिशेने काही पावले पडली आहेत. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ मध्ये संरक्षण उत्पादनात खासगी क्षेत्राच्या सहभागाची दिशा दाखविली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा उद्देशच उपलब्ध खर्चातून लढाऊ क्षमता वाढविणे हा होता. तिच्या शिफारशींपैकी ६५ शिफारशींना ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली आणि सुमारे ५७ हजार पदांची फेररचना करण्याचे ठरले. लष्कराच्या दुग्धशाळा बंद करणे हा त्याच प्रक्रियेचा भाग होता. शिफारस मोजता येण्याजोगी असली की तिची अंमलबजावणीही मोजता येते, हे येथे दिसून आले.

पंधराव्या वित्त आयोगाची कार्यकक्षा २०१९ मध्ये वाढवून संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या निधीसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी का, हा प्रश्न त्याच्याकडे सोपविण्यात आला. आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी २ लाख ३८ हजार ३५४ कोटी रुपयांचा, वर्षअखेर व्यपगत न होणारा आधुनिकीकरण निधी सुचविला. सुरक्षेचा प्रश्न केंद्र-राज्य वित्तीय संबंधांचा विचार करणाऱ्या घटनात्मक आयोगापुढे अशा रीतीने येणे, ही लक्षणीय बाब होती.

गोपनीयता आणि उत्तरदायित्व

सुरक्षेच्या अभ्यासात काही मजकूर गुप्त ठेवावाच लागतो, याबद्दल दुमत नाही. तैनातीचे तपशील, गुप्तवार्तेचे स्रोत आणि सामग्रीतील उणिवा उघड करणे देशहिताचे नाही. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे देशाचे नुकसान झाले नाही. उलट त्यातील शिफारशींचा पाठपुरावा संसदेला, पत्रकारांना आणि अभ्यासकांना वर्षानुवर्षे करता आला. नरेश चंद्र कार्यदलाचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही, त्यामुळे त्यातील किती शिफारशी अमलात आल्या हे नागरिकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांवर राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा अहवाल प्रतिनिधिगृहांना सादर करण्याचे बंधन घातले. भारतात असा लिखित, प्रसिद्ध दस्तऐवज अद्याप नाही. २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण नियोजन समिती स्थापन झाली, तेव्हा अशा धोरणाचा मसुदा तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक होते. मूळ धोरण लिखित नसेल, तर प्रत्येक समितीला उद्दिष्टे स्वतःच गृहीत धरून सुरुवात करावी लागते आणि दोन समित्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणे अवघड होते.

पुढील दिशा

वरील विवेचनातून काही सूचना पुढे येतात. एक, आढावा केवळ आपत्तीनंतर न घेता ठरावीक कालांतराने घेतला जावा. दोन, कार्यकक्षेत खर्चाची चौकट नमूद करावी आणि प्रत्येक प्रमुख शिफारशीसोबत खर्चाचा अंदाज मागवावा. तीन, सदस्य-सचिवपद संबंधित मंत्रालयाकडे न देता तटस्थ सचिवालयाकडे द्यावे. चार, केंद्र व राज्ये दोघांशी संबंधित घटनांचा अभ्यास संयुक्तपणे व्हावा. पाच, प्रत्येक अहवालाची संक्षिप्त, जाहीर करता येण्याजोगी आवृत्ती सुरुवातीपासूनच तयार करावी. सहा, अहवाल सादर झाल्यानंतर सहा महिन्यांत स्वीकृती, नकार किंवा पुढे ढकलणे यांपैकी काय केले, ते कारणांसह संसदेच्या स्थायी समितीला कळवावे. नकार देण्याचा शासनाला अधिकार आहे. मौन मात्र उत्तर ठरत नाही.

यातील एकाही सूचनेसाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती शिस्त आणि चूक मान्य करण्याची तयारी. कारगिलच्या शिखरांवर जे धारातीर्थी पडले, त्यांच्या बलिदानानंतर देशाने एक चांगला अभ्यास केला, तो प्रसिद्ध केला आणि उशिरा का होईना त्यातील बरेच काही अमलात आणले. पुढच्या वेळी अभ्यास आधी व्हावा आणि अंमलबजावणीला दोन दशके लागू नयेत, एवढी अपेक्षा नागरिकांनी शासनाकडून ठेवणे मुळीच गैर नाही.